वखारीत मुक्काम

ॲम्स्टरडॅमच्या जुन्या शहरात प्रिन्सेनग्राख्त नावाच्या कालव्याकाठी एक उंच, अरुंद घर आहे; तिथे आता हॉटेल चालते. नोव्हेंबरातल्या एका पावसाळी संध्याकाळी वेंगुर्ल्याची एक तरुणी तिथे मुक्कामाला आली. द हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डच ईस्ट इंडिया कंपनीचे कागद पाहण्यासाठी ती या देशात आली होती. काम आटोपल्यावर, परतीच्या विमानापूर्वी, तीन रात्री कालव्याकाठी राहायचे एवढी एकच चैन तिने स्वतःला मंजूर केली होती. आणि तीही हंगाम नसल्यामुळे माळ्यावरची खोली स्वस्तात मिळाली म्हणून.

पहिला प्रश्न बॅगेचा आला. घराला लिफ्ट नव्हती. जिना इतका उभा की पाऊल सरळ ठेवले तर टाच हवेत राही. पाऊल आडवे टाकतच वर जावे लागे. कठड्याच्या जागी भिंतीलगत जाड दोरखंड ताणलेला होता. कोकणातल्या घरात माळ्यावर जायला जी शिडी लावतात, तिच्याहून हा जिना फार तर वीतभर रुंद. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बॅग अडकली ती अडकलीच. व्यवस्थापक खालून धावत आला आणि हसून म्हणाला की हे घर बांधणाऱ्यांनी सामान जिन्यावरून न्यायचा विचारच केला नव्हता.

तो सहज बोलून गेला, पण हे वाक्य म्हणजे त्या घराची गुरुकिल्ली आहे. कालव्यावरच्या अशा कोणत्याही जुन्या घराकडे समोरून पाहिले, तर छपराच्या टोकाशी, शिखराच्या नक्षीखाली, एक तुळई रस्त्याच्या दिशेने बाहेर आलेली दिसते. तिच्या टोकाला लोखंडी आकडा असतो. आकड्याला कप्पी अडकवायची, कप्पीतून दोर सोडायचा, खाली पडावातून उतरवलेली पोती दोराला बांधायची आणि वर ओढून माळ्याच्या दारातून आत घ्यायची. माणसांसाठी जिना, मालासाठी खिडकी. जिन्याला जितकी कमी जागा द्यावी तितकी साठवणीला जास्त उरते, हा त्यातला हिशेब. माणसे काय, कशीही चढतील.

खोलीत पोहोचल्यावर तिने खिडकी उघडली आणि मान वर करून पाहिले. आकडा तिच्या डोक्यावरच होता. म्हणजे जिथे आता पलंग, दिवा आणि चहाची किटली होती, तिथे एके काळी माल निजत असे.

या घरांची गोष्ट १६१३ पासून सुरू होते. त्याआधी ॲम्स्टरडॅम हे खंदकाच्या आतले, दाटीवाटीचे बंदर होते. १५८५ मध्ये स्पेनच्या सैन्याने अँटवर्प घेतले आणि तिथले व्यापारी, कारागीर, विणकर आपले भांडवल आणि ओळखीपाळखी घेऊन उत्तरेकडे सरकले. १६०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. शहर फुगत गेले. शतकाच्या आरंभी सुमारे साठ हजार असलेली वस्ती शतक संपताना दोन लाखांच्या आसपास पोहोचली. या गर्दीसाठी नगरसभेने जुन्या शहराच्या पश्चिमेला दलदलीची जमीन ताब्यात घेतली आणि तिच्यात एकापुढे एक तीन कालवे खणले: हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त. १६६० नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात हे कालवे आम्स्टेल नदीपर्यंत आणि पलीकडे वाढवले गेले. नकाशा समोर धरला तर शहर अर्ध्या कापलेल्या कांद्यासारखे दिसते. २०१० पासून हा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

ही रचना शोभेसाठी झाली, असे आज पाहणाऱ्याला वाटते. कालवा तेव्हा रस्ता होता, गोदी होती आणि गटारही होता. मोठी जहाजे बंदरात नांगर टाकत; तिथून माल लहान पडावांत उतरवून कालव्यांतून थेट घराच्या दारी येई. त्याच पाण्यात घरांचे सांडपाणीही जाई. उन्हाळ्यात दुर्गंधी इतकी वाढे की ज्यांना परवडे ते श्रीमंत फेख्त नदीकाठच्या आपल्या बागवाड्यांत राहायला जात. पिण्याचे पाणी बाहेरून नावांनी आणावे लागे. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूटेकड्यांतले स्वच्छ पाणी नळाने शहरात आले ते १८५३ मध्ये. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत हा वास येत नाही.

घरे अरुंद का, याचे एक उत्तर प्रत्येक मार्गदर्शक देतो: घराच्या दर्शनी रुंदीवर कर होता, म्हणून लोकांनी अरुंद घरे बांधली. गोष्ट चटकदार आहे आणि तिच्यात तथ्यही आहे, कारण धक्क्याचा आणि रस्त्याचा खर्च घरमालकांकडून दर्शनी लांबीच्या प्रमाणात वसूल केला जाई. पण मूळ कारण अधिक साधे आहे. नगरसभेने जमिनीचे भूखंड पाडून विकले. मोठ्या कालव्यांवर एका भूखंडाची रुंदी सर्वसाधारणपणे तीस फूट असे आणि खोली तिच्या कितीतरी पट. प्रत्येक व्यापाऱ्याला पाण्याला लागून थोडी तरी जागा हवी होती. धन असणाऱ्यांनी दोन भूखंड एकत्र घेऊन प्रशस्त वाडे बांधले, कराची फिकीर न करता. उरलेल्यांनी घर उंच नेले आणि मागे वाढवले.

मागे वाढवले, पण मग आत उजेड कसा येणार? म्हणून घराचे दोन भाग झाले: पुढचे घर आणि मागचे घर, मध्ये उजेडापुरते एक लहानसे अंगण, आणि दोहोंना जोडणारी चिंचोळी वाट. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मागचे घर आहे याचा पत्ताही लागत नाही. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

रात्री झोप लागेना. पाणी धक्क्याला लागत होते, पण त्याचा आवाज समुद्रासारखा नव्हता. कोणी हळूच भांडे हिंदकळावे तसा होता. ती वेंगुर्ल्याच्या समुद्राच्या आवाजात वाढलेली. हे गप्प पाणी तिला परके वाटले. माळ्याच्या तिरप्या तुळयांकडे पाहत तिने ठरवून टाकले की इथे मिरी साठवलेली असणार. दालचिनी, जायफळ, लवंग. आपल्या किनाऱ्यावरून निघालेले काहीतरी.

इथे तिच्यातली अभ्यासक जागी झाली आणि तिने स्वतःलाच अडवले. कंपनीचा माल कंपनीच्या स्वतःच्या गोदामांत राही. लिलावात तो विकत घेणारा व्यापारी मग आपल्या घरी नेई. त्यामुळे मिरी एखाद्या माळ्यावर पोहोचणे शक्य होते, पण प्रत्येक माळ्यावर मिरीच होती असे नाही. शिवाय ॲम्स्टरडॅमच्या संपत्तीचा पाया मसाल्यांवर रचलेला नव्हता. डच लोक ज्याला सगळ्या व्यापारांची आई म्हणत तो व्यापार बाल्टिक समुद्रातला होता: पोलंडकडची राय आणि गहू, नॉर्वेचे लाकूड, डांबर, ताग, आणि त्याच्या जोडीला खारवलेले हेरिंग मासे. वास्को द गामापासून सुरू होणारा इतिहास वाचत वाढलेल्या आपल्याला असे वाटत राहते की सगळा युरोप आपल्या मिरीसाठीच वेडा झाला होता. खरे पाहता या माळ्यांवर बहुधा धान्याची पोती होती. तिला मिरी हवी होती आणि इतिहास तिच्यापुढे राय ठेवत होता. धान्याला उंदीर लागतात, ओल लागते, म्हणून ते उंच माळ्यावरच ठेवावे लागे. मिरीपेक्षा धान्यालाच या आकड्याची गरज अधिक.

दर पंधरा मिनिटांनी वेस्टरकेर्कची घंटा वाजत होती. १६३१ मध्ये पुरे झालेले हे चर्च कालव्याच्या त्याच काठावर, काही मिनिटांच्या अंतरावर आहे. तिथे १६६९ मध्ये रेम्ब्रांटला पुरले. कबर भाड्याची होती आणि तिच्यावर नाव नव्हते, त्यामुळे ती नेमकी कुठे हे आज दाखवता येत नाही. चर्चच्या जवळ, प्रिन्सेनग्राख्त क्रमांक २६३, हे १६३५ मधले घर. त्याच्याच मागच्या घरात ६ जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत अ‍ॅन फ्रँकचे कुटुंब लपून राहिले. एकूण आठ माणसे. तिच्या डायरीत या घंटेचा उल्लेख आहे.

शाळेत डायरी वाचताना 'मागचे घर' म्हणजे काय ते तिला कधी कळले नव्हते. एवढ्या गजबजलेल्या शहरात, भर रस्त्यावर, आठ माणसे दोन वर्षे दिसत कशी नाहीत? दुसऱ्या दिवशी त्या घरात शिरल्यावर उत्तर सरळ मिळाले: ते घर म्हणजे तिच्या हॉटेलचेच भावंड. तोच जिना, तीच चिंचोळी वाट, तेच रस्त्यावरून न दिसणारे मागचे अंग. सतराव्या शतकातल्या व्यापाऱ्याने जागेच्या टंचाईमुळे काढलेली युक्ती विसाव्या शतकात आसरा झाली. आणि आणखी एक तपशील, जो ग्रंथांत आहे पण सहसा कोणी सांगत नाही: ऑट्टो फ्रँकच्या दोन कंपन्यांपैकी एक मुरंब्यासाठी लागणारे पेक्टिन विके आणि दुसरी मांसात घालायचे मसाले. तळमजल्याच्या वखारीत मसाले दळले जात. म्हणजे रात्री ज्या मिरीसाठी तिने हट्ट धरला होता, ती खरोखर या कालव्यावर होती. फक्त तीनशे वर्षे उशिरा आणि भलत्याच कथेत.

हॉटेलची न्याहारी तळघरात मिळे. रस्त्यावरून दगडी पायऱ्या चढून मुख्य दार, आणि त्याच पायऱ्यांच्या खालून दुसरे, बुटके दार. त्या पायऱ्यांना डच भाषेत 'स्टूप' म्हणतात. न्यूयॉर्कमधल्या घरांपुढच्या पायऱ्यांना आजही तेच नाव आहे, कारण ते शहर डचांनी वसवले. आपल्याकडच्या ओट्याशी हे नाते सहज जुळते: घराची प्रतिष्ठा दारापुढच्या उंचीवर. वरच्या दाराने मालक आणि पाहुणे, खालच्या दाराने नोकर. जिथे पाहुण्यांना आता चीज आणि उकडलेली अंडी वाढतात, तिथे अशा घरांत बहुधा स्वयंपाकिणी राबत.

आणि जे या घरांत कधी आलेच नाहीत, पण ज्यांच्या कष्टांतून यांतली काही घरे उभी राहिली, त्यांचे काय? हेरेनग्राख्त क्रमांक ५०२ हे आज ॲम्स्टरडॅमच्या महापौरांचे अधिकृत निवासस्थान आहे. ते १६७० च्या दशकात पॉलस खोदिन यांच्यासाठी बांधले गेले. खोदिन हे वेस्ट इंडिया कंपनीचे संचालक, आणि माणसांचा व्यापार हा त्या कंपनीच्या उलाढालीचा भाग होता. १६८३ मध्ये सुरिनामच्या वसाहतीची मालकी चालवण्यासाठी जी सोसायटी स्थापन झाली तिच्यात ॲम्स्टरडॅम शहराचा स्वतःचा एक तृतीयांश वाटा होता. इथे नगरपालिकाच मळ्यांच्या वसाहतीची भागीदार होती. डच वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली ती १ जुलै १८६३ रोजी. सुरिनाममध्ये मुक्त झालेल्यांना त्यानंतरही दहा वर्षे सक्तीच्या करारावर मळ्यांतच राबावे लागले. १ जुलै २०२१ रोजी महापौर फेमके हाल्सेमा यांनी शहराच्या वतीने माफी मागितली. ज्या घरातून त्या माफी मागायला निघाल्या, ते घर कोणाचे होते हे विसरता येण्याजोगे नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि ती पायांखालचे शहर पाहायला निघाली. म्हणजे ज्यावर हे सगळे उभे आहे ते, न दिसणारे. इथली जमीन म्हणजे चिखल आणि पीट. घट्ट वाळूचा थर लागतो तो सुमारे बारा मीटर खाली. तिथवर पोहोचतील असे लाकडी खांब, मुख्यतः उत्तरेकडच्या देशांतून आणलेले, उभे ठोकून त्यांच्या डोक्यांवर भिंती चढवल्या गेल्या. माणसांची टोळी गाणी म्हणत दोर ओढून जड ठोकळा वर नेई आणि सोडून देई. पुन्हा ओढे, पुन्हा सोडे. दाम चौकातल्या नगरभवनाखाली, जो आज राजवाडा आहे, असे १३,६५९ खांब आहेत. शाळेतली डच मुले हा आकडा पाठ करतात.

लाकूड सडत का नाही? कारण ते पाण्याखाली आहे. बुरशीला हवा लागते. बुडालेल्या लाकडाला ती मिळत नाही. पाणी उतरले आणि खांबांची डोकी उघडी पडली की सड सुरू होते. म्हणून या शहरात पाण्याची पातळी हा जीवनमरणाचा विषय आहे. १६८० च्या दशकात गणितज्ञ आणि महापौर योहानेस हुडे यांनी कालव्यांच्या दारांत पातळीच्या खुणा करून संगमरवरी दगड बसवले. त्या मोजमापावरून पुढे सारा देश आणि नंतर युरोपचा मोठा भाग उंची मोजू लागला. कालव्यांचे पाणी आजही त्या शून्याच्या चाळीस सेंटिमीटर खाली राखले जाते. पूर नको, हे सर्वांना समजते. पाणी कमीही नको, हे या शहरात आल्यावर समजते.

इतके सगळे ऐकल्यावर असे वाटेल की एवढ्या जपणुकीने राखलेले शहर टिकणारच होते. तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकात वाहतुकीसाठी आणि आरोग्यासाठी अनेक कालवे बुजवले गेले; १८८९ मध्ये बुजवलेला रोझनग्राख्त आज सरळ ट्रामचा रस्ता आहे, फक्त नावात कालवा उरला. आणि १९५४ मध्ये शहराचे पोलीसप्रमुख हेंड्रिक कासयाखर यांनी योजना मांडली की जुन्या शहरातले बरेच कालवे बुजवून मोटारींसाठी रस्ते आणि वाहनतळ करावेत. ते वेडे नव्हते. मोटारी वाढत होत्या, घरे पडकी झाली होती, श्रीमंत बाहेर गेले होते. हा काळाचा तर्क होता, आणि त्या काळात जगभर अनेक जुन्या शहरांनी तो मान्य केला. इथे आरडाओरडा झाला, योजना बारगळली, आणि १९५६ मध्ये स्टाड्सहेर्स्टेल नावाची कंपनी निघाली: तिचे काम पडकी जुनी घरे विकत घेणे, दुरुस्त करणे आणि भाड्याने देणे. १९७० मध्ये याच प्रिन्सेनग्राख्तवर पडायला आलेली घरे एकमेकांना जोडून पुलित्झर हॉटेल सुरू झाले. आज ते पंचवीस घरांत पसरले आहे. कालव्याकाठची वखार आणि हॉटेल यांच्यामध्ये एक पडका काळ होता, हे माहितीपत्रकात छापत नाहीत.

एक आकडा इथे सांगण्याजोगा आहे. पीट आइकहोल्त्स या अर्थतज्ज्ञाने हेरेनग्राख्तवरच्या घरांच्या १६२८ ते १९७३ या काळातल्या विक्रीच्या किमती एकत्र करून निर्देशांक काढला. महागाई वजा केली तर साडेतीन शतकांत या घरांची किंमत जेमतेम दुप्पट झाली होती. आज तिथे घर घेणाऱ्याला हे खोटे वाटेल.

त्या संध्याकाळी आजीचा फोन आला. वेंगुर्ल्यात रात्र झाली होती. नातीने खोलीचे वर्णन केले: तुळया, आकडा, दोर, पोती. आजी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हंजे वखारीतच निजलंस मगे!"

नात हसली खरी, पण फोन ठेवल्यावर हसू ओसरले. वेंगुर्ल्यातही डचांची वखार आहे. १६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीची परवानगी घेऊन डचांनी तिथे ठाणे घातले. कारण गोवा. १६३६ ते १६४४ या काळात डच आरमार जवळजवळ दरवर्षी येऊन मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करी, आणि त्या गलबतांना पाणी, धान्य, सरपण आणि बातम्या पुरवायला जवळचे बंदर हवे होते. बातम्या हा त्यातला क्षुल्लक भाग नव्हता. वेंगुर्ल्याच्या अधिकाऱ्यांनी बटाव्हियाला पाठवलेल्या पत्रांत कोकणातल्या राजकारणाच्या आणि शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या नोंदी आहेत. मराठ्यांच्या इतिहासासाठी ते अस्सल साधन आहे. ही पत्रे आज द हेगमध्ये आहेत, एक किलोमीटरहून अधिक लांबीची फडताळे व्यापणाऱ्या कंपनीच्या दप्तरात. हे दप्तर २००३ पासून युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' या नोंदवहीत आहे. तिथे तिला आपल्या गावाचे नाव 'विंगुर्ला' असे लिहिलेले भेटले. अक्षर वळणदार, शाई तपकिरी, आणि निम्मे शब्द अजून तिला लागत नव्हते. पण तो एक शब्द लागला आणि ती बराच वेळ त्याच पानावर थांबली.

कागद इतके जपलेले, आणि इमारत? सतराव्या शतकाच्या अखेरीस डच वेंगुर्ल्यातून निघून गेले. वखार पुढे अनेक हातांतून गेली आणि शेवटी कोणाचीच राहिली नाही. तिच्या लहानपणापासून तिने जी पाहिली त्या वखारीला छप्पर नाही. जांभ्याच्या जाड भिंती आहेत, कमानी आहेत, आणि कमानींतून उतरलेली मुळे. पावसाळ्यात आत गवत गुडघाभर वाढते. शाळेच्या सहलीत बाईंनी सांगितले होते की ही डचांची वखार. डच कोण, हे कोणी विचारले नव्हते.

ही तुलना करणे अन्यायाचे आहे, हे मान्य केले पाहिजे. ॲम्स्टरडॅमची घरे राहती होती. त्यांना एकामागून एक मालक मिळत गेले, आणि मालकांकडे पैसा होता. वेंगुर्ल्याची वखार परक्या कंपनीचे ठाणे होते; कंपनीचे काम संपले आणि ठाणेही संपले. परक्यांच्या गोदामावर गावाने का जीव लावावा, हा प्रश्नही रास्त आहे. तरी तिला ती रात्र अस्वस्थ करून गेली, ती दुसऱ्याच एका कारणाने. १९५४ मध्ये या कालव्यांचीही वेळ भरली होती. घरे आपोआप टिकली नाहीत. काही माणसांनी बैठका घेतल्या, पत्रे लिहिली, पैसे जमवले, एकेक पडके घर विकत घेतले. जी गोष्ट इथे सत्तर वर्षांपूर्वी ठरली, ती वेंगुर्ल्यात अजून ठरायची आहे, एवढाच त्या दोन वखारींतला फरक उरतो काय? तिच्याकडे उत्तर नव्हते. तिने वहीत डच शिकण्याच्या वर्गाची पुढची तारीख लिहिली आणि दिवा मालवला.

निघण्याच्या सकाळी हिशेबाचा कागद हाती आला. त्यात खोलीच्या भाड्याखाली शहराचा पर्यटन कर स्वतंत्र लिहिलेला: साडेबारा टक्के. २०२४ पासूनचा हा दर. त्याच वर्षी शहराने असेही ठरवले की नवे हॉटेल उघडायचे तर आधी एखादे बंद झाले पाहिजे. पाहुण्यांमुळे तगलेले शहर आता पाहुण्यांनीच दमले आहे. बाहेर धक्क्याच्या बाजूने कुंपण घातलेले होते; कालव्याच्या दगडी भिंतीला लोखंडी आधार देण्याचे काम चालू होते. सप्टेंबर २०२० मध्ये खिम्बुर्खवाल या जुन्या कालव्याची भिंत एका दुपारी पाण्यात कोसळली. त्यानंतर सुमारे दोनशे किलोमीटरच्या अशा भिंतींची तपासणी आणि दुरुस्ती हाती घेतली गेली, आणि ती अनेक वर्षे चालणार आहे. या भिंतीही लाकडी खांबांवरच उभ्या आहेत. घोडागाडीचा भार सोसण्यासाठी बांधलेल्या, आणि आता त्यांच्यावरून कचऱ्याचे ट्रक जातात.

बॅग तिने स्वतःच उतरवली, पायरीगणिक टेकत, दोरखंड धरून. दाराबाहेर आली तेव्हा पलीकडच्या काठावर माणसे जमली होती. चौथ्या मजल्यावर कोणी नवे बिऱ्हाड येत होते. छपराच्या आकड्याला कप्पी लावलेली, दोन माणसे खाली दोर ओढत होती, एक जण वरच्या उघड्या खिडकीत वाकून उभा होता, आणि निळा सोफा हळूहळू, गिरक्या घेत, वर जात होता.

तिला आठवले की या घरांच्या दर्शनी भिंती किंचित पुढे झुकलेल्या असतात. त्या मुद्दाम तशा बांधत. का, यावर मतभेद आहेत: कोणी म्हणतात पावसाचे पाणी भिंतीवरून ओघळू नये म्हणून, कोणी म्हणतात जुन्या लाकडी घरांचे वरचे मजले पुढे आलेले असत त्याची ही सवय, आणि कोणी म्हणतात की वर ओढलेला माल भिंतीवर आणि खिडक्यांवर आपटू नये म्हणून. तिने बॅग धक्क्यावर टेकवली आणि ती पाहत राहिली. सोफा पहिला मजला ओलांडून गेला, दुसरा, तिसरा. वरच्या माणसाने हात लांब करून त्याचा एक पाय पकडला आणि त्याला आत ओढून घेतले. भिंतीला तो कुठेही लागला नाही.